बसल्या जागेवरून नदी

"काका, तुमी लय आळशी हायेत का वो?"

सुकेशनीने एका दमात विचारलं आणि स्वतःच जीभ चावली. झाडाआड तिच्या मैत्रिणी निकिता आणि राजेश्री तोंड दाबून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून सुकेशनीला माघार घेणं जमतच नव्हतं!

नदीकाठच्या बागेचे माळी तात्याराव यांनी कात्री खाली ठेवली. "कोन मनलं?"

"त्या दोघी. तुमी मेंदीच्या कुंपनाला दोन कात्र्या मारता न् बाकावर बसता. उठता, पुन्ना बसता."

"मग तूबी बस. काय दिसायलंय?"

"पूर्णा. पूल. परभणीची गाडी."

"आता त्या टोकाच्या बाकावर जा. तिकडलं कापायचं राह्यलंय."

ती पळत जाऊन बसली. समोर नुसता पाला. अख्खी नदी गायब!

"उभ्यानं कापलं की उभ्या मानसालाच दिसतंय," तात्याराव मागून आले. "हितं येतंय कोन? गुडघे गेलेलं, दवाखान्यातून सुटलेलं. म्हनून बसून बगतो, मग कापतो. सव्वीस वर्सं झाली."

सुकेशनीला मम्मी आठवली. ऑपरेशननंतर ती महिनाभर इथेच येऊन बसायची. पाणी पाहिलं की जिवाला बरं वाटतं, म्हणायची. नदी काय, असतेच, दिसतेच, असं सुकेशनीला वाटायचं. ती कुणीतरी आपल्याला दाखवत होतं, हे आज कळलं.

"काका, थँक्यू. मम्मीच्या वाटचंबी."

तात्याराव लाजले. कात्री उगाच धोतराला पुसत म्हणाले, "सव्वीस वर्सांत आळशी मनायला तूच पैली, अन् हे मनायलाबी तूच." मग त्यांनी कुंपणापलीकडच्या चुन्याच्या रेषा दाखवल्या. "तितं दुमजली गाळे व्हायलेत. मग कितीबी कापा, नदी दिसायची न्हाई. नगरपालिकेत हरकत द्यायला उद्याचाच दिवस हाय. मी तितलाच पगारी मानूस, माजी सही कशी चालंल?"

त्यातल्याच एका गाळ्यासाठी पप्पांनी अर्ज केला होता.

दिवेलागणीला नागेश टेलर, म्हणजे तिचे पप्पा, पत्र्याच्या टपरीतलं शिलाई मशीन रोजच्यासारखं उचलून घरी आणत होते. टपरीला धड कुलूपही लागत नव्हतं. सुकेशनीने दुसरी बाजू धरली.

"गाळा मिळाला की सुटलो बग ह्या वझ्यातून," पप्पा धापा टाकत म्हणाले. मम्मीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मशीन खाली ठेवलं. सुकेशनीने दप्तरातून लिहिलेला कागद काढला.

"पप्पा, मम्मी, आयका. उद्या शाळेच्या आदी मी कचेरीत हरकत देनार हाय. गाळे रस्त्याच्या कडंला बांदा, नदीपुडं नको, असं लिवलंय. तुमाला राग आला तर येऊ द्या. सही मी करनारच."