मावशीच्या बोटाची साक्ष

साहेब, तुम्ही कारखान्याच्या चौकशीच्या कागदावर मावशीबद्दल लिहिलंत, ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे भाजली.’ धादांत खोटं लिहिलंत. सगळ्यांचे जबाब घेतलेत, माझा तेवढा राहिला. तो आता ऐका.

मित्रांनो, मी एक जुना मज्जातंतू आहे, केसाहून बारीक. माझं घर मावशीच्या मानेच्या मणक्याशेजारी. तिथून मी दंडातून, मनगटातून तिच्या उजव्या तर्जनीच्या टोकापर्यंत पोचायचो. कोमट पाण्याची खबर माझा एक शेजारी द्यायचा, गारव्याची दुसरा. कातडी त्रेचाळीस अंशांच्या आसपास तापली की माझी पाळी. मी बोंब ठोकली की कण्यातूनच हुकूम सुटायचा आणि हात मागे यायचा. ‘आई गं’ मावशी त्यानंतर म्हणायची.

मावशी चादरी धुण्याच्या कारखान्यात वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर होती. इस्त्री किती तापली ते दाखवणारा काटा साठावर अडकलेला. वाफ चढो न चढो, साठच. मुकादम म्हणाला, “मावशी, काट्याचं काय घेऊन बसलात? तुमचं बोट आहे ना!”

मग रोज सकाळी बोट इस्त्रीच्या पत्र्याला टेकवायचं. चटका बसला की इस्त्री तयार. घडी घालणारी पोरगी हसायची, “मावशी, मला ताप आला तर डॉक्टरऐवजी तुम्हालाच बोलावते.”

“बोलाव की. चहा मात्र पाजावा लागेल.”

“तोही तुम्ही बोट घालूनच बघाल!”

तेव्हा मी फुशारून जायचो. आता सांगायला लाज वाटते. रोजच्या चटक्यांनी माझं टोक जळत चाललं होतं. आधी मी उशिरा ओरडू लागलो, मग हळू. मावशीच्या ते लक्षात आलं. “बोट मेल्यासारखं झालंय हो. काटा बदला ना,” ती मुकादमाला म्हणाली.

“वर कळवलंय.”

वर कोण बसतं, साहेब? तुम्हीच ना?

त्या सकाळी तिनं बोट टेकवलं. पत्रा कडकडीत तापलेला. मी ओरडायला गेलो, पण ओरडायला टोकच उरलं नव्हतं. आजूबाजूचेही गेलेले. उरला होता तो गारव्याचा शेजारी. त्याची एक खोड आहे: फार तापलेलं काही लागलं की तो कधीकधी गोंधळतो आणि “गार, गार” म्हणतो.

“थंडच आहे अजून,” मावशी म्हणाली. तापायची वाट बघत तिनं बोट तसंच दाबून धरलं.

वास आधी आला. पोरीनं किंचाळून तिचा हात ओढला.

बोट कापावं लागलं. पण माझं घर मानेत, म्हणून मी मेलो नाही. नको तेव्हा गप्प बसलो आणि आता गप्प बसवत नाही. भांडी घासता घासता मावशी हात झटकते.

“आई, काय झालं?” लेक विचारते.

“बोट भाजतंय.”

“कुठलं?”

मावशी नळ मोठा सोडते आणि नसलेलं बोट पाण्याखाली धरते.

काल ती घडीवाली पोरगी भेटायला आली. तिच्या तर्जनीच्या टोकावर पांढरा फोड होता.

“काटा?” मावशीनं विचारलं.

“साठावरच.”

“मग?”

“मुकादम म्हणतो, तुझं बोट मावशीपेक्षा हुशार आहे.”

मावशीनं ते बोट उरलेल्या चार बोटांत घट्ट धरलं. बराच वेळ सोडलंच नाही.

मित्रांनो, चटका ही शिक्षा नसते, ती आमची हाक असते. ती ऐका. आणि रोज आम्हाला ओरडायला लावून कुणी यंत्राचं काम करून घेत असेल, तर हात खिशात घाला.

साहेब, तुम्हाला मी मित्र म्हणत नाही. त्या पोरीच्या बोटात माझ्यासारखाच एक तंतू आहे, अजून जिवंत. उद्या सकाळी त्याला पुन्हा पत्र्याला लावतील. तो काटा कधी बदलणार? मी विचारतोय. जबाब द्या.