आजोबांची जर्मन बंदूक

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी, दसऱ्याच्या आठवडाभर आधी, पेडण्याचे पुंडलिक परब आजोबांची जर्मन बंदूक घेऊन डिचोलीला यशवंत मेस्तच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात आले. दोन नळ्यांची, तोंडाकडून दारू ठासायची बंदूक. "पूजेला हवी. आरशासारखी घासून दे, मेस्ता."

यशवंतचं टाळकं सटकलं. "घासू? बाब, लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून त्या जर्मनाने नळी घडवलीय. त्या पिळाची नक्षी बघा, सापाच्या कातीसारखी. घासली की गेली! मी फक्त गंज काढून तेल लावीन."

सवयीप्रमाणे त्याने आधी एका नळीत गज सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीवर ठेवून पाहिला. नळी संपायच्या चार बोटं अलीकडेच गज थांबला.

"बाब, ही भरलेली आहे."

परब हसले. "आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, मेस्ता!"

यशवंतने टोकाला स्क्रू असलेल्या गजाने छर्रे-दारू दाबून ठेवणारा आतला बोळा अलगद ओढून काढला. छर्रे सांडले, मागोमाग काळी दारू. चिमूटभर दारू त्याने बाहेर दगडावर ठेवून काडी लावली. भप्पकन जाळ झाला.

परबांचा चेहरा उतरला. "दर दसऱ्याला आम्ही हिच्या तोंडात उदबत्ती खोवतो."

"मग त्या बोळ्याचे उपकार माना."

परबांनी नळीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "गेल्या वर्षी पेटती उदबत्ती आत पडली, मेस्ता. मी आधी डोळा लावून पाहिलं. मग तोंड लावून फुंकलं."