चौदा गोळ्या

"दुसऱ्या खोलीतच खेळ सोडून दिला. चाचणीला आलेल्या अकरातल्या सात जणांनी." साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "गोळ्या दुप्पट करा, ताई. लोक दिवसभर राबून येतात, घटकाभर झाडू देत की धडाधड."

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत कुठल्या खोलीत किती गोळ्या सापडतील, हे ठरवायचं काम तिचं. पोरं तिला रेशनताई म्हणत. या गेममधली बाई ओसाड इस्पितळातून सुटू पाहते. हातात पिस्तूल, पण अख्ख्या इमारतीत गोळ्या चौदाच. गोळ्या संपत आल्या की माणूस डोकं चालवतो, असं ताईचं म्हणणं. त्या चौदांसाठी ती तीन महिने सगळ्यांशी भांडली होती.

पण 'सात' हा आकडा तिला खायला उठला. सोडून गेलेल्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. तिने त्यांना फोन लावला.

"खरं सांगू? मला वाटलं, तुम्ही मला शिक्षाच करताय," बाई म्हणाल्या. "गोळ्या संपल्या. मग मी करायचं काय?"

फोन ठेवल्यावर ताईच्या लक्षात आलं. खेळणाऱ्याच्या हातून तिने काढून तेवढं घेतलं होतं, बदल्यात काहीच दिलं नव्हतं.

पुढचे चार दिवस ती पहिल्याच खोलीशी झटत राहिली. तिथल्या शत्रूला पाठमोरं उभं केलं, म्हणजे मागून निसटता येईल. दाराला आतून सरकवता येईल अशी कडी बसवली. भिंतीपलीकडची पावलं ऐकू येतील असं केलं. गोळ्या चौदाच ठेवल्या.

साहेबांनी खेळून पाहिलं. "झकास झालंय. पण गोळ्या अठ्ठावीसच, असं वरच्यांनी ठरवलंय, ताई. आता माझ्याही हातात नाही."

तिने वाद घातला नाही. मात्र वाढीव गोळ्या दुसऱ्या कुणाला ठेवू दिल्या नाहीत. एक नर्सच्या खणात, दोन औषधांच्या कपाटामागे. खरंच कुणी घाईत विसरून गेलं असेल, अशाच जागा तिने शोधल्या.

शिक्षिकाबाईंना तिने पुन्हा बोलावलं. काचेआडून ती बघत होती. बाईंनी आल्याआल्या दोन गोळ्या फुकट घालवल्या. मग त्यांना कडी दिसली. ती सरकवून त्या कान देऊन बसल्या. त्यानंतर पिस्तूल क्वचितच वाजलं.

दीड तासाने त्या रुमालाने तळवे पुसत बाहेर आल्या.

"उरल्या की हो! एवढ्या कशाला ठेवल्या होत्या?"

"असू देत," ताई म्हणाली. "जमलं ना?"

"जमलं म्हणजे! तीन खोल्या श्वास रोखून काढल्या मी. या वयात!"

ताई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. कठडा धरून बाई सावकाश उतरू लागल्या. वळणावर थांबल्या. मान जराशी पुढे काढून त्यांनी खालच्या पायऱ्या न्याहाळल्या, कानोसा घेतला, आणि मगच पुढचं पाऊल टाकलं.