माळ्याखालची जागा

मी एक जुना इलिप्टिकल ट्रेनर आहे, मित्रांनो. एवढे लांबलचक नाव या घरात कोणाच्याच तोंडी बसले नाही. शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी मला ‘उभी सायकल’ म्हटले आणि तेच नाव मला चिकटले. माझ्यावर ना बसायला जागा, ना मी कुठे जातो, तरी म्हणे सायकल! असो. नावावरून रुसायचे माझे वय आता राहिले नाही. मला सांगायचे आहे ते वेगळेच. या घरातला एक माणूस माझ्यावर उभा राहून मुकाट्याने त्रास सोसत होता आणि सगळे त्याला आळशी म्हणत होते. खरे काय ते फक्त मला ठाऊक होते. पण यंत्राला तोंड कुठे असते?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या कापल्या, वाकवल्या, जोडल्या आणि त्यांच्यावर काळा रंग चढवला. माझ्या पोटात एक जड चाक बसवले. पाय ठेवायला दोन रुंद पट्ट्या दिल्या आणि हातात धरायला दोन उंच दांडे. माझ्यावर उभे राहून पाय पुढेमागे केले की या पट्ट्या लांबट गोल फिरतात. पाऊल उचलून आपटावे लागत नाही, म्हणून झिजलेल्या गुडघ्यांनाही धक्का बसत नाही. पण फिरताना पट्ट्या वर जातात आणि त्यांच्याबरोबर माणूसही वर जातो. हे जरा लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढचे सगळे रामायण त्यावरूनच झाले.

कारखान्यातून मी एका दुकानात आलो. तिथले छत इतके उंच होते की त्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नसे. एके दिवशी तिथे एक तरुणी आली. तिचे वडील सुतार. त्यांना सगळे ‘मिस्त्री’ म्हणत. मिस्त्रींच्या छातीत मध्यंतरी कळ आली होती. रोज व्यायाम करून वजन उतरवले नाही तर पुढची कळ जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नव्हते. म्हणून लेक माझ्यासारखे यंत्र शोधत होती.

तिने आम्हाला एकेकाला पारखून पाहिले. एकाच्या पट्ट्यांची झेप आखूड होती. बाबा उंच आहेत, त्यांचे पाय यात अडखळतील, असे म्हणून तिने तो बाजूला केला. दुसरा पाय ठेवताच डुगडुगला. तिसऱ्याचे चाक करकरत होते. मग ती माझ्यावर चढली आणि बराच वेळ चालत राहिली. माझा आवाज नाही, हिसका नाही. तिचा चेहरा खुलला आणि मी मनातल्या मनात फुशारलो.

तिने तिथूनच वडिलांना फोन लावला आणि एकदा येऊन स्वतः उभे राहून बघा म्हणून आग्रह केला. फोनमधून मोठा, हसरा आवाज आला.

“तू फक्त माप सांग. जागा मी काढतो.”

दुकानदाराने लांबी, रुंदी, उंची सांगितली आणि माझा सौदा झाला.

मिस्त्रींचे घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांसाठी केलेले खण, चौकटी, दाराच्या फळ्या रचलेल्या. आतल्या खोलीत पलंग, कपाट आणि भिंतीच्या कडेने मिस्त्रींनी स्वतः बांधलेला लाकडी माळा. त्या माळ्याखालची जागा त्यांनी माझ्यासाठी रिकामी केली होती. मला आत सरकवले तेव्हा माझ्या दांड्यांच्या वर चांगली दीड वीत जागा उरली. शेजारचे काका म्हणाले, मिस्त्रींचे माप म्हणजे माप. आई तर कौतुकाने नुसती बघत राहिली. आई म्हणजे मिस्त्रींची बायको. मला लेकीने आणले, म्हणून मीही तिला आईच म्हणतो.

लेक माझ्यावर चढून सगळ्यांना चालून दाखवू लागली. ती आईसारखीच ठेंगणी, त्यामुळे तिचे डोके माळ्याच्या बरेच खाली राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती निर्धास्त मनाने आपल्या नोकरीच्या गावी परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्यावर चढले. उजवी पट्टी वर गेली आणि टक्कन आवाज झाला. त्यांचे डोके माळ्यावर आपटले होते. ते खाली उतरले. डोके चोळत त्यांनी माळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. सवयीने खिशातला टेप बाहेर काढला आणि न उघडताच परत ठेवला. जन्मभर त्यांनी कपाटे केली, टेबले केली. कपाटावर कोणी उभे राहत नाही. माझ्यासाठी जागा त्यांनी बिनचूक मोजली होती, पण कपाटासाठी मोजावी तशी मोजली होती.

आईला हाक मारायची आणि मला बाहेरच्या खोलीत हलवायचे, एवढेच तर करायचे होते. पण मिस्त्रींचे माप चुकले हे साऱ्या गल्लीला कळले असते. लेकीलाही वाईट वाटले असते. त्यांनी खोलीचे दार लोटले, मान छातीपर्यंत वाकवली, पाठीला पोक काढला आणि तसेच चालायला सुरुवात केली. दार का लोटले असे आईने विचारले तर म्हणाले, व्यायाम करताना कोणी बघितलेले मला आवडत नाही. तिला हसू आले.

काही आठवडे त्यांनी असेच रेटले. मित्रांनो, वाकलेल्या मानेने चालून बघा एकदा. त्यांची मान आखडली, खांदे भरून आले. उंच कपाटाची वरची बिजागरी बसवताना त्यांना वर बघवेना. अखेर एक दिवस ते माझ्यावर चढलेच नाहीत. मग माझ्या दांड्यांवर टॉवेल आला, त्यावर सदरा आला आणि हळूहळू माझी खुंटी झाली.

आईचा जीव आत तुटत होता. भीती वाटली की तिची जीभ चालते, हे मला एव्हाना कळले होते. ती आधी समजावत होती, मग बोलू लागली, मग टोचू लागली. एकदा शेजारच्या काकूंसमोरच ती म्हणाली, “लेकीने पदरमोड करून आणलं आणि ह्यांना नुसतं उभं राहायचाही कंटाळा. जिवाची पर्वा नाही यांना, आमची तर नाहीच नाही.”

बाहेर मिस्त्री रंधा मारत होते. रंध्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाची चीड आली.

मग व्हायचे तेच झाले. एका गिऱ्हाइकाकडे दाराची फळी वर नेताना मिस्त्री जिन्यातच खाली बसले. त्यांना तसेच इस्पितळात नेले. लेक धावत आली. घराला कुलूप लागले आणि मी कपड्यांच्या ढिगाखाली अंधारात उभा राहिलो.

एका दुपारी आई एकटीच घरी आली. त्यांचे धुतलेले सदरे न्यायला आली होती. तिने माझ्यावरचे कपडे रागारागाने ओढून काढले. एवढे काय अवघड होते यात, असे पुटपुटत ती माझ्यावर चढली आणि चालू लागली. चालता चालता तिला रडू फुटले. डोळे पुसायला तिने चेहरा वर केला आणि ती थबकली.

माळ्याच्या खालच्या फिक्या लाकडावर एक काळपट, तेलकट डाग होता. तिने हात लांब करून त्याला बोट लावले आणि बोट नाकाशी नेले. मिस्त्री रोज केसांना लावायचे त्याच तेलाचा तो वास होता. मान एवढी वाकवूनही त्यांचे केस तिथे घासत होते. आईने आपल्या डोक्यावर हात ठेवला, तिथून माळ्यापर्यंतची जागा हातानेच मोजली आणि ती माझ्या पट्टीवर मटकन बसली.

“अहो, सांगायचं तरी,” ती रिकाम्या खोलीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मायलेकींनी बाहेरचे खण भिंतीला लावले आणि मला ओढत खिडकीशी आणले. दुकानातच बाबांना उभे करायला हवे होते, असे लेक पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझ्या डोक्यावर आता मोकळे छत होते. पण ज्याच्यासाठी ते मोकळे केले, तो माणूस घरी येईल की नाही हेच कोणाला माहीत नव्हते. त्या दिवसांत माझ्यावर कोणी टॉवेलसुद्धा टाकला नाही.

मिस्त्री आले, पण अर्धे होऊन आले. खिडकीशी मला पाहून दारातच थांबले. आईने त्यांचा हात धरला.

“मी तुम्हाला नको नको ते बोलले.”

“माप माझंच चुकलं होतं,” मिस्त्री म्हणाले. “ते सांगायला जीभ रेटली नाही.”

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र घ्याल तेव्हा नुसत्या यंत्राचे माप घेऊ नका. ज्याच्यासाठी घेता त्याला त्यावर उभे करा, पट्टी पार वर जाऊ द्या आणि मग छताकडे बघा. आणि कोणी अर्ध्यावर सोडून दिले, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याला कुठे दुखते ते विचारा. विचारले तर माणूस सांगतो. मिस्त्रींना कुठे दुखते हे कोणी विचारलेच नव्हते.

आता डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, तीही थोडीशीच. उरलेली ताकद किती, हे तेही छातीठोकपणे सांगत नाहीत. मिस्त्री सावकाश माझ्यावर चढतात, दांडे धरतात आणि वर काही नसतानाही त्यांची मान आपोआप खाली जाते. मग शेजारी उभी असलेली आई त्यांच्या पाठीवर हात ठेवते.

“मान वर करा. वर काही नाहीये.”

ती मान वर येईपर्यंत मी माझ्या पट्ट्या हलू देत नाही.