लुदियाच्या चेहऱ्याचा साचा

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही, हे आधीच सांगून ठेवते. पांढरकवड्यात तेहतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पोरांचे कानही पिळले आणि पुढं त्यांच्याच लग्नात रांगोळ्याही काढल्या. शाळेमुळं जीभ पुस्तकी झाली, पण राग आला की वऱ्हाडी आपसूक बाहेर पडते, आणि मला राग लवकर येतो. या गोष्टीत मात्र जेव्हा यायला पाहिजे होता तेव्हा तो आला नाही. बाईपणाच्या मायेनं घात केला, दुसरं काय म्हणू!

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एक दिवस शंकरसिंग घरी आला. हायवेला लागून टायरचं दुकान आहे, त्याच्यामागं या लोकांचा प्रार्थनेचा हॉल. शंकरसिंग तिथला कर्ताधर्ता. चार ख्रिस्ती कुटुंबांनी आपली मुलं शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतली होती. बाकीचे दिवस आईबाप घरी शिकवत, आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार सगळी पोरं हॉलमध्ये जमत. बाहेरदेशातून पुस्तकांचा संच आला होता आणि त्या वर्षीचा विषय होता प्राचीन रोम.

"येशूच्या काळात राज्य रोमनांचं होतं, मॅडम. पोरायले ते जग दिसलं पाहिजे," शंकरसिंग म्हणाला. "मले गणित येते, रोम नाही येत."

"मले तरी कुठं येते?" मी म्हटलं. पण पुस्तकातली चित्रं पाहिली आणि हात शिवशिवायला लागले. आमचे हे, नरहर, तहसिलीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "जा, आता रोमची तहसील सांभाळा." तिकडं दुर्लक्ष करून मी गेले.

सहा पोरं होती. गुणी, ओरडा खाऊनही हसणारी. फरशीच्या दुकानातून फुटके तुकडे आणून आम्ही जमिनीवर मोठा मासा बसवला. ओल्या चुन्यावर रंग कसा भरतात ते मागच्या भिंतीवर करून पाहिलं. सम्राटांची नावं त्यांना माझ्याआधी पाठ झाली. सगळ्यांत शांत होती लुदिया, देवसिंग आणि रुपीची मुलगी, अकरा वर्षांची. देवसिंगचा स्वतःचा ट्रक, नागपूर ते हैदराबाद. महिन्यातले वीस दिवस तो रस्त्यावरच.

लुदियाला जुळी बहीण होती, दीना. शाळेत पहिलीपासून दोघी माझ्या हाताखालच्या. आदल्या वर्षी डोक्यात ताप जाऊन चार दिवसांत गेली. दोघी इतक्या सारख्या की शंकरसिंगही चुकायचा. ओळखायची खूण दोनच. दीनाच्या डाव्या भुवईवर हापशीच्या दांड्यानं पडलेल्या खोकेचा खळगा होता, आणि ती डावी चप्पल घासत चालायची. बोलायलाही भारी चुरचुरीत. आजीच्या तोंडचं ऐकून आईला बंजारा बोलीत 'याडी' म्हणायची. लुदिया आपली गपचूप 'मम्मी' म्हणणारी.

मार्च उजाडला तेव्हा धडा आला मेणाच्या मुखवट्यांचा. रोममधले मोठे लोक आपल्या मेलेल्या वाडवडिलांचे मेणाचे चेहरे करून घेत. दाराजवळच्या खोलीत कपाटात ठेवत, खाली नावाची पट्टी. घरात कोणी वारलं की त्या अंत्ययात्रेत हे चेहरे माणसं घालत. ज्याचा चेहरा घालायचा त्याच्यासारखं चालायचं, त्याच्यासारखं बोलायचं. मी पोरांना शिकवलं, आणि चांगलं रंगवून शिकवलं, "त्या दिवशी तो माणूस स्वतः नसतोच. जो गेला तोच चालतो."

शंकरसिंग मागं उभा राहून ऐकत होता. वर्ग सुटल्यावर म्हणाला, "मॅडम, हे पितर पुजल्यासारखं नाही ना होत?" या लोकांत मूर्तीचं मोठं वावडं. मेलेल्याच्या फोटोला हार घालणंसुद्धा त्यांना चालत नाही. दीनाचा एक फोटो भिंतीवर नाही त्या घरात, आणि मोबाईलमधले होते ते देवसिंगनं रडून रडून पुसून टाकले होते. आमच्या घरी सासऱ्यांपासून सगळे हार घालून ओळीनं टांगलेले. मला वाटायचं, किती कोरडं हे! शेवटी ठरलं असं की शनिवारी कार्यक्रम करायचा, आणि तो संपला की सगळ्यांसमोर मुखवटे फोडून टाकायचे.

बाकी पोरांनी कागदाच्या लगद्याचे आजे-पणजे केले. लुदियानं काहीच केलं नाही. माझ्यापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, माझ्या तोंडाचा साचा घ्या. मेणाचा करू, खरा. खाली नाव दीनाचं लिहू."

"कायले गं?"

"मम्मी माझ्याकडं पाहतच नाही. पाहिलं की तिला दीना दिसते, मग तोंड फिरवते. भांगसुद्धा मागूनच पाडते. दीना मुखवट्यात गेली तर मग मी मीच राहीन ना? मग पाहील ती माझ्याकडं."

आता सांगा, याला कोणी नाही म्हणेल? माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इथं मला राग यायला पाहिजे होता. त्या पोरीला दटावून घरी पाठवून, रुपीला हॉलमध्ये बोलावून चार शब्द सुनवायला पाहिजे होते. मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि 'बरं' म्हटलं.

हाड मोडल्यावर घालतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या मेडिकलमधून आणल्या. गुरुवारी दुपारी पोरीला बाकावर निजवलं, तोंडाला व्हॅसलीन चोपडलं, नाकपुड्या मोकळ्या ठेवून एकेक पट्टी बसवली. डोळे मिटलेले, हात पोटावर. ती इतकी स्तब्ध पडली की दोनदा मी तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं.

तेवढ्यात पोरीला न्यायला रुपी दारात आली. अर्धा तास आधीच कशी आली कोण जाणे. वाटलं, आता ही किंचाळणार. ती किंचाळली नाही. हळूहळू बाकापाशी आली, वाकली आणि लुदियाच्या फ्रॉकची वर गेलेली कड खाली ओढून सरळ केली. मग दोन्ही पाय नीट जुळवले. ते हात सरावाचे होते हो. मागच्या वर्षी दीनाला पेटीत ठेवतानाही तिनं हेच केलं होतं, मी पाहिलं होतं. लुदिया पट्ट्यांखाली जागी होती. तिला कळलं असणार कोणाचे हात ते, कारण डोळ्यावरच्या पट्टीच्या कडेखालून पाण्याचा थेंब कानापर्यंत गेला. रुपी बाहेर जाऊन पायरीवर बसली.

नाताळच्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवून साच्यात ओतल्या. मेण निघालं तेव्हा मी स्वतः दचकले. डाव्या भुवईवर खळगा. लुदियाची भुवई तर साफ. प्लास्टरमध्ये बुडबुडा राहिला की असं होतं, हे मी पोरांना हजारदा सांगितलंय. मेण भरून बुजवला. शुक्रवारी पाहते तर परत खळगा. मार्चचं ऊन, पत्र्याचं छत, मऊ मेण बसणारच. पुन्हा भरला. शनिवारी सकाळी पुन्हा. मग मी तो नाद सोडला आणि बोट पदराला पुसलं.

शनिवारी अकरा वाजता कार्यक्रम. चादरी गुंडाळून पोरं रोमन झाली. छोटा सोनू पणजोबा बनून काठी टेकत आला, सगळे खदाखदा हसले. मग लुदिया आली. मेणाचा चेहरा, डोळ्यांना भोकं, खाली पट्टी: 'दीना. वय दहा.' तिनं दोन पावलं टाकली आणि डावी चप्पल फरशीवर घासली. हसणं जागच्या जागी थांबलं. ती सरळ आईपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "याडी, भूक लागली ना! किती वेळ?"

तो आवाज लुदियाचा नव्हता. नव्हता म्हणजे नव्हता, मी काय सांगू! सहा वर्षांपासून ओळखते मी दोघींना. रुपीनं दोन्ही हात पुढं केले, पोरीला मांडीवर ओढून घेतलं आणि त्या मेणाच्या गालाचे पटापटा मुके घेतले. वर्षभरानं ती बाई रडली. आम्ही सगळेच रडलो.

मग फोडायची वेळ आली. पणजोबा फुटले, आज्या फुटल्या. रुपी मुखवटा छातीशी धरून बसली. शंकरसिंगनं समजावलं, प्रार्थना केली, शेवटी थोडा आवाजही चढवला. रुपी माझ्याकडं पाहायला लागली. आणि मी शहाणी म्हणाले, "राहू द्या हो दोन दिवस. माय आहे ती."

पुढच्या आठवड्यात लुदिया आली, पण दोन-तीनदा सांगितल्याशिवाय तिच्या कानात काही शिरायचं नाही. 'लुदिया' अशी हाक मारली तर उशिरा मान वर करायची. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकदाच आली. मग येणंच बंद. रुपीचा फोन लागेना. देवसिंगला लावला तर तो आदिलाबादच्या पुढं. म्हणाला, "मॅडम, रुपी आता लय खूश आहे. फोनवर हसून बोलते." त्याच्या आवाजात आनंद होता. मी मात्र फोन ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

भर दुपारी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत वांगी भाजल्याचा वास. रुपीच्या केसांत फूल, अंगावर धुतलेलं पातळ, तोंडावर तुकतुकी. मला पाहून म्हणाली, "या मॅडम, बसा. जेवूनच जा. आज भरीत केलं. दीनाले लय आवडते ना."

"लुदिया कुठंय?"

ती तव्यावरची भाकर उलटत राहिली. मला वाटलं ऐकू नाही गेलं, म्हणून परत विचारलं. तेवढ्यात मागच्या खोलीतून चप्पल घासत पोरगी आली. तोंडावर मुखवटा नव्हता. केस पुढं ओढून दोन वेण्या, जशा दीनाच्या असायच्या. आईच्या समोर ताट घेऊन बसली, आणि रुपीनं भाकरीचा पहिला घास स्वतः तिच्या तोंडात भरवला. डोळ्यांत डोळे घालून, एकटक, जीव ओवाळून टाकल्यासारखं पाहत होती ती पोरीकडं.

"रुपी, ही लुदिया आहे," मी म्हटलं.

"हो ना," रुपी म्हणाली. लहान पोराची समजूत काढतात तसं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अवो बाई, डोस्कं ठिकाणावर हाय का तुयं? जित्या लेकराले मेलेल्याचं नाव देऊन राह्यली! आन तू गं? उठ! बोल तुयं नाव!" पोरगी घास चावत राहिली. "थांब, त्या मेणाचंच वाटोळं करतो आधी," म्हणत मी उठले. दाराजवळ भिंतीत कपाट होतं. कुठं असणार हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, मीच तर शिकवलं होतं. त्याचं दार ओढलं. आत मेणाचा चेहरा, उकाड्यानं गाल थोडे ओघळलेले. डोक्यावर उचलला, फरशीवर आपटणार, तेवढ्यात खालच्या पट्टीकडं लक्ष गेलं.

पट्टी नवी होती. 'लुदिया. वय अकरा.' अक्षर लुदियाचंच, एकेक काना सरळ.

माझा हात वरच्या वर राहिला. आता हा फोडू कसा? रुपी भाकर टाकून उठली आणि माझ्या हातून मुखवटा घेतला. कपाट तिनं कित्येक दिवसांत उघडलं नसावं. तिला आता मुखवट्याची गरजच पडत नव्हती. तिनं पट्टी वाचली. पहिल्यांदा ओठांतल्या ओठांत, मग मोठ्यानं. "लुदिया," ती म्हणाली. "लुदिया! माझी गुणाची बाय! कधी काही मागतलं नाही गं तुनं!" खाली बसून तिनं तो चेहरा पोटाशी धरला आणि हंबरडा फोडला. वर्षभरात तिच्या तोंडून ते नाव इतक्या मायेनं मी ऐकलं नव्हतं.

"रुपी, मागं पाय. अवो, मागं तर पाय!" मी तिचे खांदे गदगदा हलवले. ती मेणाच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

पोरगी ताटावरून उठून माझ्याजवळ आली. हात खरकटा होता, तोंडावर खुशी मावत नव्हती. पायांचा आवाज न करता आली आणि आपल्या जुन्या, हळू आवाजात माझ्या कानाशी म्हणाली, "पाहिलं ना मॅडम? तिला माझी आठवण येते."