तो एअरपोर्टवाला

उद्या सोमवार. उद्या मला बोलता येईल की नाही सांगता येत नाही, म्हणून आजच बोलून घेतो. मी नाणं टाकल्यावर चालणारा व्हिडिओ गेम. गुरुग्रामच्या एका कॅफेत, हात धुण्याच्या बेसिनशेजारी उभा आहे. उद्या मेकॅनिक येणार आणि माझ्या पोटातला जुना बोर्ड काढून शंभर गेमवाला नवा बसवणार. पेटी राहील, मी राहणार नाही. मला भीती वाटत नाही असं म्हणणार नाही, पण खरी काळजी होती ती एका नावाची.

माझा बोर्ड परदेशातून आला आणि पेटी कीर्तीनगरच्या सुतारानं प्लायवूडची ठोकली. खेळ अगदी साधा: एक चिमुकलं विमान, समोरून येणारे डोंगर, एक दांडा, एक लाल बटण. वीज गेली तरी पहिले तीन स्कोर मी विसरत नाही, एवढाच काय तो माझा मोठेपणा. स्कोर करणाऱ्यानं आपलं नाव इंग्रजी तीन अक्षरांत लिहायचं असतं.

दिल्लीत आर. के. पुरमच्या बाजारात हरीशचं गेम पार्लर होतं, तिथे माझी उमेदीची वर्षं गेली. आधी मी रुपयाचं नाणं गिळायचो. पुढे नाणंच लहान झालं आणि माझ्या फटीतून घरंगळून परत यायला लागलं, तेव्हा हरीशनं पितळी टोकनं केली. पोरं हरली की मला गुद्दे मारायची आणि रेकॉर्ड जवळ आला की दांड्याला नमस्कार करायची. मी दोन्ही गोड मानून घ्यायचो.

त्यातला परीक्षित माझा लाडका. सरकारी क्वार्टरमधला, सातवीतला मराठी मुलगा. PAR हे त्याचं नाव सगळ्यांच्या वर असायचं. एका संध्याकाळी त्याची आई आली आणि त्याला कान धरून घेऊन गेली. वीणाबाई त्यांचं नाव. एका मंत्रालयात स्टेनो होत्या. शनिवारी त्यांना सुट्टी, परीक्षितची शाळा मात्र असायची. त्या शनिवारी सकाळी भाजीची पिशवी घेऊन त्या हरीशला दम द्यायला आल्या.

"मेरे बेटे को अंदर मत आने दो."

"बहनजी, एक बार खेल के तो देखो," हरीश म्हणाला. "फिर जितना डाँटना है, डाँट लेना."

पिशवी दोन पायांत धरून वीणाबाईंनी दांडा हातात घेतला. स्टेनोची बोटं ती! दम देणं राहूनच गेलं आणि चार शनिवारांत त्यांनी लेकाला मागे टाकलं. मी नाव विचारलं. त्यांनी सावकाश AAI लिहिलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "घरी मम्मीच म्हणतो. कितीदा सांगितलं, ऐकत नाही. इथे तरी वाचेल." हरीशला मात्र त्यांनी बजावलं, बोलायचं नाही, त्याचा तो ओळखू दे.

दुसऱ्या दिवशी परीक्षितनं वाचलं. पण मुलगा पडला दिल्लीचा! त्या शहरात तीन अक्षरं दिसली की ते ऑफिसच असतं.

"ए-ए-आय? एअरपोर्ट अथॉरिटी ऑफ इंडिया! अंकल, कोई एअरपोर्टवाला आता है क्या?"

"आता है बेटा," हरीश हसू दाबत म्हणाला. "सॅटरडे को."

विमानाचा गेम, एअरपोर्टचा माणूस. परीक्षितला शंकाच आली नाही. दोन वर्षं तो त्या एअरपोर्टवाल्याशी लढला, पण दुसऱ्या नंबरावरून हलला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण माझ्या गळ्यात फक्त टूं-टूं आहे, काय करणार!

मग घरोघरी कॉम्प्युटर आले, हातोहाती मोबाइल आले, पार्लर बंद पडलं. हरीशनं मला फरीदाबादच्या गोदामात ठेवलं. उंदरांनी वायरी कुरतडल्या, मी मायलेकांची नावं जपत बसलो. यंदा या कॅफेचा मालक सुजय, त्यानं मला टोकनांसकट विकत घेतलं आणि वायरी जोडून घेतल्या, तेही शोभेला.

आणि आज दुपारी परीक्षित आला. कानांवर केस पिकलेले, सोबत लेक देविका आणि गुडघे सांभाळत चालणाऱ्या वीणाबाई.

"अरे यार! मम्मी, हे बघ, माझा गेम! मी अजून सेकंड आहे. आणि तो एअरपोर्टवाला अजून वर बसलाय!" त्यानं देविकाला सगळी हकिकत सांगितली.

"भेटला का रे कधी तो तुला?" वीणाबाईंनी विचारलं.

"नाही ना. भेटला असता तर पाया पडलो असतो त्याच्या."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "देविका, एक टोकन आण बरं."

त्यांनी पर्स दोन पायांत धरली. बोटं आता पूर्वीसारखी पळत नव्हती. खरं सांगतो, मी डोंगर जरा हळूच सरकवले. विमान पडेपर्यंत तिसरा नंबर आला होता. मी नाव विचारलं. A. A. I.

पडद्यावर वर AAI, खाली AAI आणि मध्ये PAR. परीक्षित "ए, ए..." म्हणाला आणि अडकला. त्यानं पायांतल्या पर्सकडे पाहिलं, मग वर तोंडाकडे.

"आई?"

"अठ्ठावीस वर्षं लागली रे तुला वाचायला," वीणाबाई म्हणाल्या. एवढ्या गर्दीत तो वाकला आणि त्यानं त्यांच्या पायांना हात लावला. मी आनंदानं टूं-टूं केलं.

आता तो सुजयशी बोलतोय, जुना बोर्ड मला द्या म्हणून. सुजय अजून हो म्हणत नाहीये. उद्या काय व्हायचं ते होवो, ते नाव आता माझ्या एकट्याच्या भरवशावर नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्यासाठी कुणी कुठे तीन अक्षरं लिहून ठेवली असतील, तर ती एकदा मराठीत वाचून बघा.