गडावरची बाई

"आई, आपल्या गडावरची बाई कुणीतरी मोबाईलवर टाकलीय," असं म्हणत समीक्षाने फोन सासूपुढे धरला.

हौसाच्या हातातलं सूप थांबलं. रोह्यामागच्या गडावरच्या टाक्यात तिची धाकटी बहीण बायजा बुडाली, तेव्हापासून दर अवसेला हौसा तिथे दिवा आणि दहीभात ठेवून यायची. बायजा पाण्याकाठी फिरते, असं गुराखी सांगत. सगळ्या गावाला दिसणारी बहीण हौसाला मात्र एकदाही दिसली नव्हती, आणि त्याचा तिला राग होता.

व्हिडिओत मावळतीचा उजेड होता. टाक्याच्या काठाने एक बाई पाठमोरी चालली होती. तोच डोक्यावरून ओढलेला पदर, तीच झुकलेली मान. फोन धरणारा भीतीने कुजबुजत होता.

"बायजाच हाय गो," हौसा पुटपुटली. तिचे डोळे भरून आले.

मग पायरी आली आणि त्या बाईचा उजवा पाय फरफटला. समीक्षाने सासूच्या अधू पायाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

हौसाने तो पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"परत लाव गो," ती म्हणाली. "पायरीच्या आधी थांबव."